एकशे चार नंबरचे बिनसाखरेचे पाहुणे

माणूस पारखणं ही विद्या आहे. ती पुस्तकात सापडत नाही, शाळेत शिकवता येत नाही, आणि एका पिढीत एका तालुक्यात ती एकाच माणसाला मिळते. आपल्या काळात कन्नड तालुक्यात ती पिशोरच्या पुंजारामअण्णांना मिळाली होती, याबद्दल दुमत नव्हतं. दुमत नव्हतं, कारण हे मत एकट्या अण्णांचं होतं आणि त्यांनी ते दुसऱ्या कोणाला विचारलेलं नव्हतं.

पुराव्याच्या बाबतीत घरातच जरा अडचण होती. लेक भागूबाई हिच्यासाठी नवरा निवडला तो अण्णांनीच, एका बैठकीत, एका कप चहावर. पोरगा इतकं गोड बोलला, की अण्णांनी घरी येऊन एवढंच सांगितलं, "सोनं हाय." ते सोनं तिसऱ्या वर्षी एका बाईबरोबर सुरतेला निघून गेलं आणि भागूबाई कडेवर पोर घेऊन पिशोरला परत आली. ती अजून तिथंच आहे. त्या दिवसापासून हसून बोलणाऱ्या माणसावरचा अण्णांचा विश्वास उडाला तो उडाला.

पारख मात्र त्यांनी सोडली नाही, फक्त तिची रीत बदलली. बैलबाजारात बैलाचं शेपूट पिरगाळून बघतात. लाथ मारतो तो बैल ठीक. जो नुसता उभा राहतो, त्याला कोणीतरी काहीतरी पाजून आणलेलं असतं. माणसाचंही तसंच, असा अण्णांचा सिद्धांत होता. माणसाला चिडवायचं. चिडला, की आत काय आहे ते बाहेर येतं.

कडेवरची ती पोर म्हणजे चिमी. आता ती शिकून कन्नडला औषधाच्या दुकानात बसत होती. तिच्यासाठी आलेली चार स्थळं अण्णांनी परत पाठवली होती. चौघांना त्यांनी बैठकीत ताटकळत ठेवलं, चौघांच्या शिक्षणाला नावं ठेवली, आणि चौघंही हसत राहिले. पाचवं स्थळ सोयगावच्या नानासाहेबांचा मुलगा बद्रीनाथ, शहरात हॉटेलात मॅनेजर. नानासाहेबांना रविवार संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं, कारण सिल्लोडचं एक स्थळ त्यांच्या ओसरीवर थांबलेलं होतं.

शुक्रवारी सकाळी अण्णा निघाले तेव्हा भागूबाई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"आण्णा, या टायमाला नीट बघा," ती म्हणाली. "माझ्या टायमासारखं नगं."

इतक्या वर्षांत ती या विषयावर बोललेली एवढीच. अण्णांना चपला सापडेनात. त्या पायातच होत्या.

त्याच्याच हॉटेलात दोन दिवस जाऊन राहायचं ही कल्पना भाचा आप्पासाहेब याची. त्यानं मोबाइलवर स्वतःच्या नावानं खोलीही घेऊन टाकली. "तुमाला तो वळखत नाय, मामा. गिऱ्हाईक म्हणून जा, अन् काय पिरगाळायचं ते पिरगाळा."

*

हॉटेल मेहताब शहरातल्या औरंगपुऱ्यात, साड्यांच्या दोन दुकानांच्या मध्ये. बाहेर रिक्षा, हातगाड्या, भाजीवाल्या आणि जगातले सगळे भोंगे. काचेचं दार लागलं की आत एकदम देवळाच्या गाभाऱ्यासारखं. चौदाच खोल्या, पण भिंतीवर लाकूड, लाकडावर पितळ आणि पितळेत आपलं तोंड दिसेल अशी झिलई.

"एवढ्या बाजारात एवढं शांत कामून हाय?" अण्णांनी हळूच विचारलं.

"आवाज भाईर जाऊ नाय म्हणून," मनकर्णाबाई म्हणाल्या. सोबत आलेली ही अण्णांची बायको बोलायची कमी, पण बोलली की अण्णांची झोप जायची.

दार उघडायला एक मिशावाला माणूस उभा होता. त्यानं दार धरलं, शिवाय वाकून नमस्कारही केला. पिशोरला इतकं वाकतो तो एक तर उमेदवार असतो, नाही तर आपल्या बांधापलीकडची जमीन त्याला हवी असते.

काउंटरवरच्या मुलीनं नाव विचारलं.

"बन्सी," अण्णा म्हणाले. बन्सी हे त्यांच्या साडूचं नाव. पुढंमागं काही बेइज्जती झालीच, तर ती साडूच्या माथी जावी, असा विचार होता.

"आधार कार्ड द्याल, सर?"

अण्णांनी बंडीच्या आतल्या खिशातून कार्ड काढून दिलं. मुलीनं कार्डाकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे पाहिलं, काहीतरी लिहून घेतलं आणि गोड हसली. "एकशे चार, बन्सी सर."

"पोरीला वाचता येत नाय वाटतं," लिफ्टमध्ये अण्णा समाधानानं म्हणाले.

पण लिफ्टच्या आधी एक प्रसंग घडला. ट्रेमध्ये गुलकंदाच्या सरबताचे दोन पेले आले. अण्णांनी हात पुढं केला आणि बरगडीत मनकर्णाबाईंचं कोपर बसलं. सोयरीक ठरायच्या आधी मुलाकडच्या हातचं गोड तोंडात घालायचं नाही, हा त्यांच्याकडचा दस्तूर. घातलं की होकार झाला, मग पंच बसवले तरी मागं फिरता येत नाही. पोरगा याच हॉटेलात मॅनेजर, म्हणजे हे सरबत त्याच्याच हातचं.

"यान्ला साखरेची बिमारी हाय," मनकर्णाबाईंनी ट्रेवाल्याला सांगितलं. "गोड अजिबात चालत नाय."

ट्रेवाल्यानं मान डोलावली. हे एक वाक्य पुढं अण्णांना फार जड गेलं. दिवसाचा सहा वेळचा चहा आणि दर चहात तीन चमचे साखर, एवढं एकच व्यसन त्यांना होतं.

*

बद्रीनाथ स्वतःच खोली दाखवायला आला. काळा कोट, नीट भांग, छातीवर नावाची पट्टी, आणि चेहऱ्यावर हसू. अण्णांनी ते हसू निरखून पाहिलं. कुठंच शिवण दिसेना.

"प्रवास छान झाला ना, सर? काहीही लागलं तर मला सांगा."

तो गेल्यावर दोघांनी खोली तपासली. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या पसरलेल्या. पंच्याचा पिळा घालून केलेला एक पांढरा पक्षी पलंगावर बसलेला. टेबलावर काचेच्या भांड्यात पाणी आणि पाण्यात लिंबाची फोड. दोन्ही उशांवर सोनेरी कागदातलं एकेक चॉकलेट.

मनकर्णाबाई दाराशीच थांबल्या.

"फुलं, लिंबू अन् पाखरू," त्या म्हणाल्या. "पिशोरात कुणाच्या उंबऱ्यावर एवढं सापडलं असतं, तर गाव गोळा झालं असतं."

"शहरात असंच असतंय."

"अन् उशीवर गोड. झोपंत तोंडात जावं म्हणून."

अण्णांना हे पटलं. पोराला आपण कोण ते कळलंय, आणि तो गोड खायला घालून होकार काढून घेणार. मनकर्णाबाईंनी चॉकलेटं चिमट्यात धरून पिशवीत टाकली, पाकळ्या खिडकीतून साड्यांच्या दुकानावर सोडल्या, पक्ष्याची घडी मोडून त्याचा परत पंचा केला आणि घरून आणलेली वाकळ जमिनीवर अंथरली.

मग अण्णांनी काम सुरू केलं. त्यांनी फोन उचलून बद्रीनाथला बोलावलं.

"उशी लई मऊ हाय."

दुसरी उशी आली. ती लई कडक होती. तिसरी उंच होती. चौथी आल्यावर अण्णांनी ती दाबून पाहिली आणि म्हणाले, "पयलीच बरी व्हती."

"लगेच आणतो, सर," बद्रीनाथ म्हणाला, आणि हसला.

"तुमाला राग येत नाय का?"

"आपली सेवा हेच आमचं काम, सर."

दार बंद झाल्यावर अण्णा बराच वेळ उशीकडे बघत बसले. "याला पाजलंय," ते शेवटी म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी एसी गार लागतो म्हणून तक्रार केली, मग उकडतं म्हणून केली. भाजीत मीठ नाही म्हणाले, नवी भाजी आल्यावर मीठ जास्त आहे म्हणाले. बद्रीनाथ प्रत्येक वेळी आला आणि प्रत्येक वेळी तेवढाच हसला, मापानं हसल्यासारखा. अण्णांना सुरतेला गेलेलं सोनं आठवत राहिलं. तेही असंच हसायचं, मापात.

*

शनिवारी सकाळी चहा आला. अण्णांनी घोट घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. चहात साखर नव्हती. ट्रेवर एक चिठ्ठी होती: 'आपल्या तब्येतीची काळजी आम्हाला आहे. बद्रीनाथ.'

"बघ," अण्णा म्हणाले. "हे आता कोंडी करायलेत."

"बिमारी मीच सांगितली व्हती."

"तू सांगितलीस, पन त्यानं धरून कामून ठेवली? लोक सांगितलेलं इसरतात. हा इसरत नाय. हा डाव हाय."

नाश्त्याला सगळ्यांना शिरा आणि यांना उपमा. केळी सगळ्यांना, यांना काकडी. अण्णा खाली उतरले आणि रस्ता ओलांडून टपरीवर गेले. तिथं तरी मोकळा श्वास घेऊ म्हणाले. टपरीवाल्यानं त्यांना आपादमस्तक पाहिलं.

"मेहताबमधले एकशे चार ना, चाचा? बद्रीसाब का फोन आया था. आप को बगैर शक्कर का."

अण्णांनी मागं वळून हॉटेलाच्या खिडक्यांकडे पाहिलं. चौदाच्या चौदा पडदे शांत होते. ते बगैर शक्करचा चहा तसाच ठेवून परत आले.

खोलीत सखूबाई झाडू घेऊन उभी होती. ही खोल्या आवरणारी बाई, सोयगावकडची, धनगराची. माहेरी मेंढरं होती, आता इथं चौदा पलंग. तिला काही आवरायला मिळत नव्हतं, कारण मनकर्णाबाईंनी पहाटेच फरशी पुसून, संडास घासून, आरशावरचे डागसुद्धा पदरानं काढून ठेवले होते.

"मावशे, माझी नोकरी घालवता का?" सखूबाई म्हणाली. "साहेब इचारतील, तू काय केलं."

अण्णांनी संधी साधली. "तुमचा साहेब कसा हाय, बाई?"

"चांगला हाय."

"वरडतो का?"

"नाय."

"पेतो?"

"नाय वो, बाबा."

"मंग खोड काय त्याची?"

सखूबाईनं विचार केला. "जेवताना मोबाइल बघतो," ती म्हणाली.

ती गेल्यावर अण्णांनी दार लावून घेतलं. "हिला पढवलंय. चाकर माणूस मालकाला एक तरी शिवी देतं. हिनं एक दिली नाय."

दुपारी आप्पासाहेबाचा फोन आला. नानासाहेबांनी दोनदा विचारणा केली होती. अण्णांनी फक्त "बघतोय" म्हटलं. दिसत मात्र काहीच नव्हतं. एवढ्या काचा, एवढी झिलई, आणि आतला माणूस कुठून दिसेना. होकार दिला आणि भागूबाईसारखं झालं तर? नकार दिला आणि पोरगा खरंच चांगला असला तर? त्या दिवशी अण्णांनी पिठलंसुद्धा वेळेवर मागितलं नाही.

*

रविवारी सकाळी घडलं ते मनकर्णाबाईंमुळे घडलं आणि त्यात डाव असा काही नव्हता.

शनिवारी त्या पहिल्यांदा पलंगावर झोपल्या आणि पहाटे उठून बसल्या. या पलंगावर आपल्या आधी कोण कोण झोपून गेलं असेल, हा विचार त्यांच्या डोक्यातून जाईना. चादरी पांढऱ्या होत्या, पण त्यांच्या मते पांढऱ्या म्हणजे पिवळटच. अण्णांच्या धोतरासाठी त्यांनी निळीची पुडी सोबत आणली होती. न्हाणीघरात जनावरांना पाणी पाजतात तेवढा पांढरा हौद होता. त्यांनी तो भरला, हौद मोठा म्हणून पुडी सगळीच टाकली आणि चारही चादरी बुडवल्या.

अण्णा अंघोळीला उठेपर्यंत चादरी बाल्कनीच्या कठड्यावर वाळत होत्या, शेजारी धोतर. धोतर पांढरं होतं. चादरी पोळ्याच्या बैलाच्या झुलीसारख्या निळ्याशार. त्यातली एक खाली लोंबून हॉटेलच्या पाटीवर आली होती आणि 'मेहताब' मधलं नुसतं 'ताब' उरलं होतं. खाली साड्यांच्या दुकानाचा मालक दोन गिऱ्हाइकांसह वर बघत उभा होता.

दारावर टकटक झाली. बद्रीनाथ आला. हसूही आलं.

"सर, बाल्कनीत चादरी दिसताहेत..."

अण्णांना वाटलं, हीच शेवटची वेळ. संध्याकाळी उत्तर द्यायचं होतं. त्यांनी शेपटाला हात घातला.

"तुमच्या बाईनं केलं हे," ते म्हणाले. "त्या सखूबाईनं. सगळ्या चादरी खराब करून गेली. असली बाई कामावर ठिवता कशी? आजच्या आज काढून टाका तिला."

मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. बद्रीनाथनं चादरींकडे पाहिलं, मग मनकर्णाबाईंच्या हातांकडे पाहिलं. ते कोपरापर्यंत निळे होते.

"सखूबाईनं केलं?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"सखूबाईला आज सुट्टी हाय."

अण्णांचे कान टवकारले. हाय. दोन दिवस जो माणूस 'आहे' म्हणत होता, तो 'हाय' म्हणाला होता. हसू आधी डाव्या बाजूनं गेलं, मग उजव्या.

"आजोबा, आता लई झालं," बद्रीनाथ म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण तो सोयगावचा झाला होता. "उशा चारदा मागितल्या, मी आणल्या. मीठ कमी म्हनले, जास्त म्हनले, मी ऐकलं. पाकळ्या शेजारच्या दुकानात पडल्या, त्यांची बोलणी मी खाल्ली. पन तिचं नाव घ्यायचं काम नाय. दोन पोरं शिकवती ती या कामावर. तुमच्या चेष्टेत तिची भाकर जाईन, अन् तुमी पिशोरला जाऊन बसान. कशाला आले ते मला पयल्या दिवसापासून म्हाइत हाय. आधार कार्डावर पुंजाराम अन् तोंडानं बन्सी. सोयरीक मोडायची असंल तर मोडा. पन पयलं तिला फोन लावून सांगा, की चुकलं."

खाली एक रिक्षा बराच वेळ भोंगा वाजवत होती.

अण्णा हळूच पलंगावर टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत न आलेला उजेड आला होता.

"चिडला," ते बायकोला म्हणाले. "बग कसा चिडला."

"व्हय, चिडला," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुमी खोटं बोलले म्हणून चिडला. लावा फोन."

बद्रीनाथनं नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. अण्णांनी आयुष्यात कोणाची माफी मागितलेली नव्हती, त्यामुळे कुठून सुरुवात करायची ते त्यांना कळेना. "बाई," ते म्हणाले, "म्या तुमचं नाव घेतलं. तुमी काय केलेलं नाय. चुकलं माझं."

"कोन, पुंजारामबाबा व्हय?" पलीकडून सखूबाई म्हणाली. "असू द्या. संडास तेवढा मावशीला घासू देऊ नका."

अण्णांनी फोन परत दिला. आपलं खरं नाव या इमारतीत फक्त आपणच लपवत होतो, हे त्यांच्या लक्षात आलं.

बद्रीनाथ मात्र आता एकदम खचला होता. त्यानं कोटाचं बटण लावलं, काढलं, परत लावलं. "आता चिमी मला सोडणार नाय," तो म्हणाला. "तिनं दहादा बजावलं व्हतं. आजोबा चिडवतील, पन तू हसत राहा, चिडलास की संपलं."

"कोन चिमी?" अण्णांनी विचारलं.

"तुमचीच."

"ती तुझ्याशी बोलती? कवापासून?"

"दोन महिने झाले."

अण्णांनी बायकोकडे वळून पाहिलं. ती हातांवरची नीळ पदराला पुसत होती.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"मंग मला कामून सांगितलं नाय?"

"तुमी माणसं पारखता म्हणून गप बसले."

अण्णांनी पिशोरला फोन लावला. भागूबाईनंच उचलला.

"बघितलं का, आण्णा?"

"बघितलं."

"गोड बोलतो का?"

"दोन दिवस बोलला. आज चिडला. लई चिडला."

मग भागूबाईनं विचारलं, "कुणापायी चिडला?"

"खोली झाडणाऱ्या बाईपायी. म्या तिच्यावर खोटं घातलं व्हतं."

अण्णांना पलीकडे चुलीवर काहीतरी उतू गेल्याचा आवाज आला.

"मंग चालंन," भागूबाई म्हणाली. "सांगा नानासाहेबाला."

फोन ठेवल्यावर अण्णा उठून उभे राहिले. फेटा डोक्यावर नव्हता, म्हणून त्यांनी तो शोधून आधी नीट बांधला. बद्रीनाथ समोर हात जोडून उभा होता. दारात काउंटरवरची मुलगी, मिशावाला आणि ट्रेवाला येऊन थांबले होते, चादरींचं काय करायचं ते विचारायला.

"माणूस पारखणं ही इद्या हाय," अण्णा म्हणाले. "ती एका तालुक्यात एकालाच भेटती. पोरगा पसंत हाय मला."

बद्रीनाथ वाकून त्यांच्या पाया पडला, मग मनकर्णाबाईंच्या. उठला तेव्हा त्याच्या केसांना नीळ लागली होती. "आजोबा," तो म्हणाला, "आज काय पाहिजे ते मागा. या हॉटेलात नसंल तर बाजारातून आणतो."

अण्णांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, घसा साफ केला आणि आवाज खाली आणला.

"एक चहा दे, बाबा," ते म्हणाले, "अन् तीन चमचे साखर."